ऋषीचे कूळ, नदीचे मूळ आणि इंग्रजीचे खूळ

भिलाईत नव्या माणसाला नाव मागाहून विचारतात. पहिला प्रश्न असतो, "मूळचे कुठले?" यात आगाऊपणा काही नाही. ज्यांच्या गावांवर हा कारखाना आणि त्याचे सेक्टर उभे राहिले ती मंडळी सोडली, तर इथे सगळेच उपरे. कारखाना स्वतःसुद्धा उपराच. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत रशियाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली भट्टी सुरू झाली. खनिज दल्ली-राजहऱ्याचे, चुनखडी नंदिनीची, कोळसा झरियाकडचा, नकाशे रशियन आणि माणसे केरळपासून पंजाबपर्यंत जिथून मिळतील तिथली. लोखंडाच्या प्रत्येक ढेपेचे मूळ गाव जिथे सांगता येते, तिथे माणसाचे विचारले तर बिघडले काय?

पण ही खोड माणसांपाशी थांबत नाही. आमच्या सेक्टरात एक निवृत्त काका आहेत. मूळचे नागपूरच्या महालातले, चाकरी फर्नेसवर, आणि निवृत्तीनंतरचा उद्योग म्हणजे इंग्रजी वाक्प्रचारांची कुळे लावणे. ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, असे आपले पूर्वज सांगून गेले. त्यांना इंग्रजी येत नव्हते, म्हणून यादीतली तिसरी बाब राहून गेली असावी. ती भरून काढायचे काम काका संध्याकाळी सिव्हिक सेंटरच्या बाकावर बसून करतात.

काकांचे स्पष्टीकरण नेहमी दोन शब्दांनी सुरू होते: "जुन्या काळी..." ज्या गोष्टीला पुरावा नसतो तिला जुना काळ असतो.

पहिला नमुना पावसाचा. इंग्रजीत जोराचा पाऊस मांजरांचा आणि कुत्र्यांचा पडतो. का? काका सांगतात, "जुन्या काळी विलायतेत घरांना गवताची छपरं होती. मांजरं, कुत्री उबेसाठी छपरावर झोपत. पाऊस आला, गवत निसरडं झालं, की बदाबदा खाली! समजलं?"

समजले, पण पटले नाही. छत्तीसगडच्या खेड्यांत गवताची आणि कवेलूंची छपरे आजही दिसतात. त्यांवर मांजर दिसते, क्वचित भोपळ्याचा वेल दिसतो. उबेसाठी छपरावर चढलेला कुत्रा मात्र अजून कोणी पाहिलेला नाही. आणि भर पावसात छपराच्या बाहेरच्या बाजूला ऊब शोधणारे जनावर खाली पडले, तर त्यात गवताचा दोष नाही.

कागदोपत्री पाहावे, तर या पावसाचा शोध सतराव्या शतकात लागतो. हेन्री व्हॉन या कवीच्या १६५१ सालच्या पुस्तकात फेरीवाल्यांच्या मालाचे कुत्र्या-मांजरांच्या पावसापासून रक्षण करील अशा छपराचा उल्लेख आहे. म्हणजे जनावरे छपरावरून पडत नव्हती, छपरावर पडत होती. काकांची गोष्ट बरोबर उलटी झाली. १६५३ मध्ये रिचर्ड ब्रोमच्या एका नाटकात पाऊस पडतो तो कुत्र्यांचा आणि पोलकॅटचा. पोलकॅट म्हणजे मुंगसासारखा एक वासट प्राणी; त्याला छपरावर कोणी झोपवले, हे काकांनी अजून सांगितलेले नाही. आज रूढ असलेली मांजर-कुत्र्यांची जोडी १७३८ मध्ये जोनाथन स्विफ्टने छापली. कारण या तिघांपैकी एकानेही दिलेले नाही. मोठा पाऊस पडला, मोठ्याने काहीतरी बोलावेसे वाटले, बोलले.

आणि आपण तरी कुठल्या तोंडाने हसावे? आपल्याकडे पाऊस मुसळधार पडतो. आभाळातून मांजर पडले तर निदान चार पायांवर उतरेल; मुसळ पडले तर तक्रार करायलाही कोणी उरणार नाही. तरी आजवर एकाही मराठी माणसाने "जुन्या काळी लोक मुसळं छपरावर वाळत घालत" असे स्पष्टीकरण दिलेले नाही. आपल्या भाषेत आपल्याला अतिशयोक्ती चटकन कळते. परक्या भाषेत मात्र प्रत्येक अतिशयोक्तीच्या पोटात इतिहास दडलेला वाटतो.

छपराची ही गोष्ट काकांनी रचलेली नाही, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. १९९९ साली ‘पंधराशे सालचे जीवन’ अशा धाटणीचे एक निनावी पत्र ई-मेलने जगभर फिरले. त्यात छपरावरची कुत्री होती, आंघोळीच्या पाण्याबरोबर फेकले जाणारे बाळ होते आणि चुकून जिवंत पुरलेल्या माणसाने शवपेटीतून दोरी ओढून वाजवायची घंटा होती. ‘सेव्हड बाय द बेल’ म्हणतात ती हीच घंटा, असे पत्राचे म्हणणे. प्रत्यक्षात ती घंटा मुष्टियुद्धाच्या रिंगणातली. मार खाणारा फेरी संपल्याच्या घंटेने वाचतो. पण मुष्टियोद्ध्यापेक्षा प्रेत केव्हाही रंगतदार. काकांना ते पत्र भाच्याने छापून आणून दिले, आणि प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेला तो कागद आजही पोथीच्या मानाने बाहेर निघतो.

काकांची खरी गंमत वेगळीच आहे. जन्मभर ते ज्या शब्दांच्या सहवासात घाम गाळत होते, त्यांची मुळे खरी आहेत, पक्की आहेत, आणि त्यांकडे त्यांनी ढुंकून पाहिलेले नाही.

‘फुल ब्लास्ट’ घ्या. शेजारचा पोरगा गणपतीत स्पीकर फुल ब्लास्ट लावतो, काका गॅलरीतून ओरडतात. हा फुल ब्लास्ट म्हणजे बॉम्बस्फोट नव्हे. पाठ्यपुस्तके जिला झोतभट्टी म्हणतात आणि तिथे काम करणारा एकही मराठी माणूस म्हणत नाही, त्या ब्लास्ट फर्नेसचा हा शब्द. भट्टीत खालून तापलेल्या हवेचा झोत सोडतात. झोत चालू असला की भट्टी ‘इन ब्लास्ट’, बंद असला की ‘आउट ऑफ ब्लास्ट’. झोत पूर्ण जोरात, की फुल ब्लास्ट. एकोणिसाव्या शतकात तो भट्टीतून निघून सर्वसामान्य इंग्रजीत आला आणि मग स्पीकरमध्ये शिरला. ज्या भट्टीने काकांचे केस पिकवले, तिचाच शब्द त्यांची दुपारची झोप मोडतो.

दुसरा शब्द ‘पिग आयर्न’. इथे थोडे जवळ जाऊन पाहावे लागते. भट्टीच्या बुडाशी जमलेला रस काढायची वेळ झाली की मातीने बुजवलेले तोंड फोडतात. आधी ठिणग्यांचा फवारा उडतो, मग सुमारे दीड हजार अंश तापलेला, डोळे दिपवणारा ओघ चरातून धावू लागतो. वर तरंगणारी मळी वेगळ्या वाटेने काढतात. आज रस मोठ्या लॅडलमध्ये जातो आणि बराचसा थेट पोलाद करायला नेतात. पूर्वी विलायतेत भट्टीसमोर वाळूची जमीन असे. तिच्यात एक मोठा चर, आणि त्याच्या कडेला काटकोनात लहान लहान साचे. रस मोठ्या चरातून साच्यांत उतरला की वरून दिसे ते असे: आडवी पसरलेली डुकरीण आणि तिला ओळीने लुचणारी पिले. मोठ्या चराला कामगार ‘सो’, म्हणजे डुकरीण, म्हणू लागले आणि साच्यातल्या लोखंडाला ‘पिग’.

हे ऐकून काकूंनी पहिल्यांदा काकांकडे संशयाने पाहिले. घरात कांदा-लसूणसुद्धा चातुर्मासात बंद, आणि हा गृहस्थ सगळी नोकरी डुकराच्या पिलांवर करून आला! काका म्हणाले, "अहो, लोखंडाचं पिलू ते!" काकू म्हणाल्या, "असू दे. इतकी वर्षं सांगितलं का नाही?"

तिसरा शब्द तर मराठीने आपल्या हाताने पक्का केला आहे. विन्स्टन चर्चिल ५ मार्च १९४६ रोजी अमेरिकेतल्या फुल्टन गावी भाषण करताना म्हणाले की युरोपावर लोखंडी पडदा पडला आहे. हा लोखंडी पडदा मूळचा नाटकवाल्यांचा. रंगमंचावर आग लागली तर ती प्रेक्षागृहात पसरू नये म्हणून युरोपातल्या नाट्यगृहांत असा पडदा खाली सोडत. मराठी वर्तमानपत्रांना मात्र लोखंड कमी पडले. त्यांनी त्याचा ‘पोलादी पडदा’ केला. लोखंडातला कर्ब जाळून त्याचे पोलाद करायला भिलाईत मोठमोठ्या भट्ट्या लागतात. मराठी उपसंपादकाने ते काम नुसत्या लेखणीने उरकले. पुढे त्याच पडद्यामागून रशियन इंजिनियर खरोखरचे पोलाद करायला इथे आले, तेव्हा हा अनुवाद किती दूरदृष्टीचा होता ते कळले.

हत्तीचे काय झाले तेही पाहा. न परवडणाऱ्या सरकारी कारखान्याला वर्तमानपत्रे ‘पांढरा हत्ती’ म्हणतात. हाही इंग्रजीतून आलेला. सयामचा राजा म्हणे नावडत्या सरदाराला पांढरा हत्ती भेट देई. पवित्र म्हणून कामाला लावता येत नाही, राजाची भेट म्हणून विकता येत नाही, सरदार खाऊ घालता घालता कफल्लक. सयामच्या इतिहासात अशा सरदाराचा पत्ता लागत नाही. पांढरे हत्ती तिथले राजे स्वतःच मानाने बाळगत. पण सरकारी कारखाना म्हटला की हत्ती आलाच. काकांसमोर कोणी भिलाईला हा शब्द वापरला तर ते ताडकन सांगतात, "आमच्या मैत्रीबागेत पांढरा वाघ आहे. हत्ती पाहायचा असेल तर दुसरीकडे जा!"

‘लालफीत’ मात्र खरी आहे. विलायतेतले वकील आणि कारकून कागद लाल फितीने बांधून ठेवत, आणि फीत सुटेपर्यंत पक्षकार म्हातारा होई. आपण ती फितीसकट उचलली. खरे तर उचलायची गरज नव्हती. पेशवे दप्तरातले कागद कापडाच्या रुमालांत बांधलेले असत. आपल्याकडचा दिरंगाईचा माल अस्सल देशी असताना आपण नाव परदेशी लावले. ‘रुमालशाही’ हा शब्द मराठीने हातचा घालवला.

आता इंग्रजांनी आपल्याकडून नेलेला माल पाहू. त्याचे सगळ्यात मोठे गोदाम म्हणजे यूल आणि बर्नेल यांचा १८८६ सालचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा कोश. त्याचे नावच मुळी मोहरमच्या ‘या हसन, या हुसैन’ या आक्रोशाचे गोऱ्या शिपायांनी केलेले भजे. इंग्रजीत गोंगाटाला ‘बॉबरी’ म्हणत. कोश सांगतो, हे आपले ‘बाप रे!’ हे वाचून काका आठवडाभर दर वाक्याला बॉबरी म्हणत होते.

पण हाच कोश जिथे मोहात पडला तिथे तोही घसरला. ‘आय डोंट गिव्ह अ डॅम’ यातला ‘डॅम’ हा शिवीतला नसून मोगलांचे तांब्याचे नाणे ‘दाम’ असावा, अशी कल्पना त्याने लढवली. अकबराच्या वेळी चाळीस दामांचा रुपया होई; म्हणजे "मी एक दामही देणार नाही". दमडी आणि कवडी पदरी असलेल्या मराठी माणसाला हे ताबडतोब पटते. ऑक्सफर्डचा कोश मात्र पुरावा नाही म्हणून हे मान्य करत नाही. शिवी ती शिवीच.

याहून दिमाखदार गोष्ट ‘पॉश’ची. विलायतेहून मुंबईला येणाऱ्या पी अँड ओ कंपनीच्या बोटींवर श्रीमंत प्रवासी उन्हाच्या उलट बाजूची खोली घेत: येताना डावी बाजू, जाताना उजवी. ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’. तिकिटावर म्हणे या चार शब्दांच्या आद्याक्षरांचा शिक्का मारत, आणि त्यातून ‘पॉश’. किती गोंडस! बोट खरी, ऊन खरे, मुंबईही खरी. फक्त असा शिक्का मारलेले एकही तिकीट आजवर मिळालेले नाही. शब्द या अर्थाने पहिल्या महायुद्धाच्या सुमारास छापलेला आढळतो. बोटीची गोष्ट त्यानंतर कैक वर्षांनी अवतरते. मूल आधी जन्माला आले आणि बाप मागाहून सापडला.

आता एक अस्सल नमुना. इंग्रजीत डोके फिरलेल्या माणसाला ‘डूलॅली’ म्हणतात. हे आपले नाशिकजवळचे देवळाली. १८६१ मध्ये तिथे गोऱ्या पलटणींची छावणी बसली. मुदत संपलेले शिपाई घरी जाण्यासाठी तिथे येऊन थांबत. पण त्यांना नेणाऱ्या बोटी थंडीच्या महिन्यांतच सुटत. ज्याची बोट हुकली त्याला उन्हाळा आणि पावसाळा अंगावर काढणे आले. काम नाही, घर नाही, दारू आहे, डास आहेत. काहींना ताप भरे, काहींची बुद्धी सरके. शिपाई त्याला ‘डूलॅली टॅप’ म्हणू लागले; टॅप म्हणजे आपला ताप. या गोष्टीत राजा नाही, हत्ती नाही, शिक्का नाही. गाडीची वाट पाहून पाहून माणूस वेडा होतो, एवढेच आहे, आणि भारतात त्याला पुरावा मागायची सोय नाही. मुंबईहून हावड्याच्या वाटेवरच्या गाडीने भिलाईला येताना नाशिक रोडच्या आधी हे स्टेशन लागते. इंग्रजीला वेडाचा शब्द पुरवणाऱ्या गावावरून आपण वडापाव खात जातो.

काकांच्या बाकावर सगळ्यात मोठी लढाई मात्र नऊ वारांवरून झाली. अमेरिकन इंग्रजीत ‘द होल नाइन यार्ड्स’ म्हणजे सगळेच्या सगळे, अथपासून इतिपर्यंत. नऊ वार कशाचे? काका म्हणाले, "विमानातल्या मशीनगनचा पट्टा. सत्तावीस फूट. दुसरं महायुद्ध." सिव्हिल खात्यातले शेजारी म्हणाले, "काँक्रीट मिक्सर. नऊ घन यार्ड." कोणी जहाजाच्या डोलकाठ्या पुढे केल्या, कोणी स्कॉटलंडचा घागरा. काकू भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "काय बाप्पा सांगून राहिले हे! नऊ वार म्हणजे लुगडं. आणखी काय असतं जगात नऊ वार?"

मंडळी हसली. पण तारखा लावून पाहा. हा प्रयोग १९०७ मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना राज्याच्या एका वर्तमानपत्रात छापलेला सापडला आहे. त्या वेळी दुसरे महायुद्ध नव्हते. काकांचा पट्टा गेला. फिरते काँक्रीट मिक्सर नव्हते. सिव्हिल खाते गेले. लुगडे होते! इतकेच नाही, १९१२ मध्ये शेजारच्या केंटकी राज्यात हाच वाक्प्रचार ‘सहा यार्ड’ असा छापलेला मिळतो. नऊवारीवरून सहावारी! आमच्या घराण्यात हा बदल व्हायला दोन पिढ्या आणि एका सासूचा रुसवा लागला. अमेरिकनांनी तो पाच वर्षांत केला.

काकूंची बाजू भक्कम करण्यासाठी मी मग एक गोष्ट रचली. रायपूर-धमतरीकडे मराठी घरे भोसल्यांच्या अमलापासून आहेत. त्याच धमतरीत १८९९ मध्ये अमेरिकेतले मेनोनाइट पंथाचे मिशनरी आले. त्यांच्या पंथाच्या कामाचे एक मोठे केंद्र कुठे होते? एल्कार्ट. एल्कार्ट कुठे आहे? इंडियानात! धमतरीच्या बाजारात मिशनरी बाईने लुगडे पाहिले, घरच्या पत्रात लिहिले, "इथल्या बायका सगळेच्या सगळे नऊ वार गुंडाळतात," आणि पुढच्या आठ वर्षांत इंडियानाच्या वर्तमानपत्रात वाक्प्रचार हजर.

यातले मिशन खरे, गाव खरे, साल खरे, लुगडे खरे. पत्र तेवढे मी लिहिले. विटा सगळ्या खऱ्या आणि भिंत खोटी. पॉशची बोट, सयामचा हत्ती, छपरावरची कुत्री ही सगळी बांधकामे याच पद्धतीची. गणेशोत्सवात ही गोष्ट एका अनोळखी गृहस्थांनी मलाच सांगितली. तोवर मिशनरी बाईला निळे डोळे आले होते, लुगड्याला हिरवा रंग आणि काठ आला होता, आणि पत्र म्हणे अमेरिकेतल्या एका संग्रहालयात काचेमागे ठेवले होते. मी ते नाकारायचा प्रयत्न केला. गृहस्थ म्हणाले, "तुमचा अभ्यास कमी आहे."

खऱ्या व्युत्पत्तीला असे निळे डोळे क्वचितच असतात. ‘ओके’चेच पाहा. कोणी तो रेड इंडियनांच्या भाषेतला म्हणतो, कोणी अशिक्षित राष्ट्राध्यक्षाच्या शेऱ्यातला. ॲलन वॉकर रीड या अमेरिकन अभ्यासकाने जुनी वर्तमानपत्रे चाळून शोधले, तर निघाला २३ मार्च १८३९ च्या ‘बोस्टन मॉर्निंग पोस्ट’मधला एक फालतू विनोद. ‘ऑल करेक्ट’ हे मुद्दाम अशुद्ध लिहून त्याची आद्याक्षरे घ्यायची, अशी त्या वेळच्या संपादकांची फॅशन होती. जगातला बहुधा सगळ्यात जास्त बोलला जाणारा शब्द एका संपादकाच्या पाणचट कोटीतून निघाला आहे. मराठी संपादकांनी यावरून धडा घ्यावा की धीर, ते त्यांचे त्यांनी ठरवावे.

आपल्या घरातही हेच चालते. ‘पानिपत झाले’ म्हटले की १४ जानेवारी १७६१ ही तारीख समोर उभी राहते. वाद नाही, म्हणून गप्पाही नाहीत. पण ‘ध चा मा’ निघाला की प्रत्येक घरात एक रामशास्त्री तयार. नारायणरावांचा खून ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात झाला, हे पक्के. आनंदीबाईंनी ‘धरावे’चे ‘मारावे’ केले, ही मात्र बहुतेक इतिहासकारांच्या मते दंतकथा. तरी वाक्प्रचार ठणठणीत आहे, कारण कट, कागद आणि काकू एवढे साहित्य असल्यावर पुरावा कोण मागतो! आणि ‘नाकी नऊ’ का येतात, आठ का नाहीत? शरीराची नऊ द्वारे आणि त्या सगळ्यांतला जीव नाकाशी गोळा होतो, असे सांगतात. नऊ वारांइतकेच हेही गोंडस आहे. मी त्याला हात लावत नाही. आधीच आमच्या बाकावर जागा कमी.

‘छत्तीसचा आकडा’ तेवढा स्वच्छ: तीन आणि सहा एकमेकांकडे पाठ फिरवून उभे. पण छत्तीसगडातले ‘छत्तीस’ निघाले की पुन्हा भांडण. कोणी म्हणतो छत्तीस गड: शिवनाथच्या उत्तरेला रतनपूरचे अठरा, दक्षिणेला रायपूरचे अठरा. कोणी म्हणतो गड मोजायचे कारणच नाही, मूळ शब्द ‘चेदीशगढ’. १ नोव्हेंबर २००० रोजी स्वतंत्र राज्य झाले, राजधानी ठरली, नावाच्या मुळाचा खटला मात्र अजून चालू आहे.

तेव्हा वाचकहो, कोणी ‘जुन्या काळी’ म्हणून वाक्प्रचाराची गोष्ट सुरू केली तर अडवू नका. पूर्ण ऐका, दाद द्या. मग दोनच गोष्टी विचारा: हा शब्द पहिल्यांदा छापून कधी आला, आणि ही गोष्ट पहिल्यांदा कधी? गोष्ट शब्दाहून लहान निघाली, तर ती नातवंडांना झोपताना सांगा. शाळेच्या फळ्यावर लिहू नका. आणि ‘माहीत नाही’ हेसुद्धा उत्तर आहे, एवढे काकांना कोणीतरी समजावून सांगा. आमचे ते ऐकत नाहीत.